मसुदा नियमांवर हरकत पाठवायची आहे? चव्वेचाळिसाव्या दिवसाची वाट पाहू नका

कारखान्यांतल्या सुरक्षेचे मसुदा नियम निघाले आणि हरकतींची पंचेचाळीस दिवसांची मुदत सुरू झाली की माझ्या फोनवर दोन ठराविक निरोप येतात. पहिल्या आठवड्यात, "साहेब, नवे नियम लागू झाले का?" आणि चव्वेचाळिसाव्या दिवशी संध्याकाळी, "उद्या शेवटची तारीख आहे, एखादं तयार पत्र असेल तर टाका ना." दोन्हींना माझं उत्तर एकच असतं. नाही.

मी एमआयडीसीतल्या लहान-मध्यम कारखान्यांची सुरक्षेची कागदपत्रं पाहतो. नोंदवह्या, अपघाताच्या सूचना, वार्षिक विवरणपत्रं, सगळं. गेल्या काही वर्षांत मालकांच्या, सुपरवायझरांच्या आणि युनियनच्या अनेक हरकती मी वाचल्या. बहुतेकांची तक्रार खरी होती. पण पत्र असं लिहिलेलं की मंत्रालयातल्या कक्ष अधिकाऱ्याला त्यातून उचलण्यासारखं एक वाक्य सापडू नये. मसुद्यावरची हरकत हे निवेदन नव्हे. कोणते शब्द काढा, त्या जागी कोणते घाला आणि का, एवढंच तिच्यात असावं लागतं. बाकीची सगळी तयारी त्या तीन गोष्टी नेमक्या लिहिता याव्यात म्हणून.

आधी टेबलावर काय हवं

मूळ राजपत्र, पहिल्या पानापासून शेवटच्या नमुन्यापर्यंत (नमुना म्हणजे भरायचा फॉर्म). "ठळक मुद्दे" नावाची पीडीएफ चालणार नाही. प्रिंट एका बाजूने काढा, मागची कोरी बाजू टिपणांना लागते. सोबत ज्या कायद्याखाली नियम होत आहेत तो कायदा आणि सध्या चालू असलेले नियम. राज्यातल्या कारखान्यांसाठी ते म्हणजे महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३.

याशिवाय तुमच्या गेल्या वर्षभराच्या नोंदवह्या आणि त्या स्वतःच्या हाताने लिहिणारा माणूस. हा माणूस सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच बैठकीला नसतो. मालक, सीए, सल्लागार असे सगळे जमतात. वही लिहिणारा टाइम ऑफिसमधला मुलगा बाहेर चहा सांगायला गेलेला असतो. त्याला आत बसवा.

टप्पा १: मसुदा खरा आहे का, आणि कोणाचा आहे

पहिलं पान वाचा. "याद्वारे प्रारूप प्रसिद्ध करण्यात येत आहे", "हरकती व सूचना" असे शब्द असतील तर तो मसुदा, म्हणजे अजून लागू नाही. अधिसूचना क्रमांक, राजपत्राची तारीख आणि कोणत्या कलमाखालच्या अधिकाराने हे नियम होत आहेत, या तीन गोष्टी त्याच पानावर असतात. त्या वहीत उतरवा, पुढे प्रत्येक कागदावर लागणार आहेत. मग शासनाच्या ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर जाऊन हीच फाईल स्वतः उतरवून घ्या. फॉरवर्ड होत आलेल्या फाईलमध्ये पानं गळालेली मी पाहिली आहेत. गळतात ती हमखास शेवटची, म्हणजे नमुन्यांचीच.

दुसरा प्रश्न, हे नियम केंद्राचे की राज्याचे? व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० (बोलताना सगळे "ओएसएच कोड" म्हणतात) हिने १३ जुने कायदे एकत्र केले. कायदा एक असला तरी नियम करणारी सरकारं दोन आहेत. खाणी, रेल्वे, मोठी बंदरं यांचं समुचित शासन (म्हणजे त्यांच्यासाठी नियम करणारं सरकार) केंद्र आणि कारखान्याचं राज्य. म्हणून कारखानदाराने केंद्राच्या खाणींवरच्या नियमांबद्दल दिल्लीला लिहून उपयोग नाही आणि राज्याच्या मसुद्यावरची हरकत दिल्लीला पाठवूनही नाही. यातही एक मेख आहे. नियम राज्याचे असले तरी सुरक्षेची मानकं अधिसूचनेने जाहीर करण्याचं काम संहितेने केंद्राकडे दिलं आहे, कारखान्यांची मानकंसुद्धा. तेव्हा मसुदा "नियमां"चा आहे की "मानकां"चा, हेही त्याच पानावर पाहून घ्या.

राज्यात हा विषय उद्योग व कामगार खात्याचा आणि अंमल औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा, म्हणजे आपल्या "डिश"चा. गोव्यात हेच काम इन्स्पेक्टोरेट ऑफ फॅक्टरीज अँड बॉयलर्स पाहतं. हरकत कोणाच्या नावे पाठवायची ते मात्र मसुद्यातच छापलेलं असतं. मागच्या वेळचा पत्ता वापरू नका.

तपासा: अधिसूचना क्रमांक, राजपत्राची तारीख, अधिकार देणारं कलम, पाठवायचा पत्ता, ईमेल. पाचही लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टप्पा २: तारीख मोजा आणि स्वतःची तारीख आठ दिवस आधी ठरवा

सर्वात जास्त चुका इथे होतात. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ११५ मध्ये मसुदा विचारात घेण्याआधी किमान ४५ दिवस द्यायची अट होती. ओएसएच संहितेनेही ४५ दिवसच ठेवले आहेत. प्रश्न असतो तो हे ४५ दिवस कधीपासून मोजायचे याचा.

मसुद्यातलं वाक्य शब्दशः वाचा. केंद्राच्या मसुद्यांत बहुधा "राजपत्राच्या प्रती जनतेला उपलब्ध झाल्याच्या तारखेपासून" असं असतं. राजपत्रावर छापलेली तारीख आणि प्रत उपलब्ध झाल्याची तारीख यांत फरक पडू शकतो. वाद घालायचा नसेल तर आधीची तारीख धरा. "पासून" म्हटलं की तो दिवस सोडून मोजायचं, हे सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ (जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट) चं कलम ९ सांगतं. समजा प्रत १ जूनला उपलब्ध झाली. २ जून हा पहिला दिवस, ३० जून एकोणतिसावा आणि १६ जुलै पंचेचाळिसावा.

पण १६ जुलैला पोस्टात टाकलं म्हणजे झालं, असं नाही. त्याच अधिनियमाचं कलम २३ म्हणतं की ठरवून दिलेल्या तारखेपूर्वी "मिळालेल्या" हरकती-सूचनांचा विचार करायचा. मिळालेल्या, पाठवलेल्या नव्हे. कार्यालयाला सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवसाची सवलत कलम १० मध्ये आहे, पण तिच्या भरवशावर कुणी राहू नये. मी वहीत ८ जुलै लिहितो आणि सगळ्यांना तीच शेवटची तारीख म्हणून सांगतो.

सावधान: मुदतवाढ मिळेल या आशेवर थांबू नका. मिळाली तर पुरवणी पत्र पाठवता येतं. नाही मिळाली तर हातात काहीच राहत नाही. शिवाय "पूर्वप्रसिद्धी करून केलेले नियम" असं म्हणून अंतिम नियम राजपत्रात आले की ते रीतसर झाले याचा तोच निर्णायक पुरावा, असंही कलम २३ सांगतं. म्हणजे नंतर "आमचं ऐकलंच नाही" म्हणत भांडायला जागा फार थोडी उरते.

टप्पा ३: आधी कायदा वाचा, मग नियम

निम्म्या हरकती या टप्प्यावर गळायला हव्यात. गळत नाहीत, म्हणून मंत्रालयात गळतात.

उदाहरण घ्या. वीज वापरणाऱ्या कारखान्यासाठी २० कामगार आणि वीज न वापरणाऱ्यासाठी ४० ही मर्यादा संहितेतच आहे. जुन्या कायद्यात, म्हणजे १९४८ च्या कारखाने अधिनियमात, ती १० आणि २० होती. कारखान्यात सुरक्षा अधिकारी किती कामगारांपासून नेमायचा, हेही संहितेत आहे: ५००, आणि धोकादायक प्रक्रिया असेल तर २५०. जुन्या कायद्याच्या कलम ४० ब मध्ये हा आकडा १,००० होता. हे आकडे पटोत न पटोत, संसदेने केलेल्या कायद्यातले आहेत. नियम करणारं खातं ते बदलू शकत नाही. तरी दर वेळी पन्नास पत्रं जातात, "सुरक्षा अधिकाऱ्याची मर्यादा पुन्हा १,००० करावी." उत्तर ठरलेलं, "सदर बाब नियमांच्या कक्षेत येत नाही."

म्हणून मसुद्यातल्या प्रत्येक खटकणाऱ्या नियमासमोर समासात तीनपैकी एक खूण करा.

"का": ही गोष्ट कायद्यातूनच आली आहे. सोडून द्या, फार तर खासदाराला वेगळं पत्र लिहा.

"नि": कायद्याने तपशील नियमांवर सोडला आहे. किती तासांत, कोणत्या नमुन्यात, कोणत्या भाषेत, किती वर्षं जपायचं. तुमचं खरं मैदान हेच.

"बा": नियम कायद्याच्या बाहेर जातो. कायद्याने न मागितलेली गोष्ट मागतो किंवा कायद्याने दिलेली सवलत काढून घेतो. अशी जागा सापडली तर ती पहिल्या पानावर घ्या. एवढं वजन दुसऱ्या कुठल्याच हरकतीला येत नाही.

माझा अनुभव असा की साठ-सत्तर पानांच्या मसुद्यात एका कारखान्याला खरोखर लागणाऱ्या "नि" आणि "बा" मिळून पाच-सहाच निघतात. तेवढ्या पुरे. चाळीस मुद्द्यांचं पत्र लिहिणाऱ्याने स्वतःचं नुकसान करून घेतलेलं असतं, कारण वाचणारा दहाव्या मुद्द्यापासून पानं उलटायला लागतो.

टप्पा ४: नमुना प्रत्यक्ष भरून पाहा

मसुद्याच्या शेवटी जोडलेले नमुने कोणी वाचत नाही. पण तुमचा वेळ खाणार आहेत ते तेच. नियमात एक ओळ असते, "नमुना अमुक मध्ये नोंद ठेवील," आणि त्या नमुन्यात वीस-पंचवीस रकाने निघतात.

तेव्हा नमुन्याची प्रिंट काढा, गेल्या वर्षातली एक खरी घटना घ्या, वही लिहिणाऱ्या माणसाला पेन द्या आणि घड्याळ लावा. अमेरिकेत कागदपत्रांचा भार मोजण्याचा कायदाच आहे. तिथल्या कामगार-सुरक्षा खात्याच्या अपघात नोंदीच्या ३०१ क्रमांकाच्या फॉर्मवर छापलेलं असतं की तो भरायला सरासरी २२ मिनिटं लागतात आणि या अंदाजाबद्दल काही म्हणायचं असेल तर अमुक पत्त्यावर कळवा. आपल्याकडच्या नमुन्यांवर मिनिटं छापलेली नसतात, म्हणून ती तुम्ही मोजायची. "फॉर्म फार मोठा आहे" हे मत झालं. "आमच्याकडे हा नमुना भरायला ३५ मिनिटं लागली, त्यातली १२ मिनिटं रकाना ९ ते १४ मध्ये गेली आणि हीच माहिती हजेरीपटात आधीच आहे" यावर मात्र काहीतरी करता येतं.

भरताना प्रत्येक रकान्याला चार प्रश्न विचारा. ही माहिती दुसऱ्या कुठल्या नोंदवहीत आहे का? भरणाऱ्याला ती त्या वेळी माहीत असते का? रकान्याचा अर्थ दोन माणसं दोन तऱ्हांनी लावतील का? आणि ती वाचून निरीक्षक नेमकं काय करणार आहे?

पहिल्या प्रश्नाचं वजन कमी समजू नका. २०१७ साली केंद्राने निरनिराळ्या कामगार कायद्यांखालच्या ५६ नोंदवह्यांच्या जागी ५ आणल्या त्या तीच ती माहिती जागोजागी लिहावी लागते या कारणाने. दुहेरी नोंद दाखवून दिली की खात्याला नाही म्हणणं अवघड जातं.

आता कागद कमी करा, एवढीच सूचना असते असंही नाही. कधी कधी रकाना वाढवून मागावा लागतो. एका प्रेस शॉपमधली (यंत्राने पत्रा दाबून भाग बनवतात तिथली) अपघात नोंदवही माझ्या डोळ्यांसमोर आहे. "दुखापतीचे कारण" हा रकाना जेमतेम दोन बोटं रुंद. वर्षभरातल्या नऊ नोंदींपैकी सात ठिकाणी एकच शब्द, "निष्काळजीपणा". सुपरवायझरला विचारलं तर तो म्हणाला, "साहेब, त्या चौकटीत तेवढंच बसतं." गार्ड काढलेला होता का, डाय (साचा) बदलताना मशीन बंद होतं का, दोन हातांचं बटण चालू होतं का, हे लिहायला जागाच नाही. म्हणून मग दोष कामगाराचा. या नोंदी वाचून पुढचा अपघात कोण आणि कसा टाळणार? तेव्हा आम्ही सूचना केली ती रकाना काढा अशी नव्हती. त्याचे तीन करा, अशी होती: यंत्राचा भाग, संरक्षक कवचाची स्थिती, आणि त्या वेळी चाललेलं काम.

तपासा: किमान दोन नमुने खऱ्या माहितीने भरून झाले का? भरलेल्या प्रतींवरची कामगारांची नावं काळी केली का?

टप्पा ५: सूचना लिहिणं

केंद्राच्या ओएसएच नियमांचा मसुदा नोव्हेंबर २०२० मध्ये आला तेव्हा हरकती तीन रकान्यांच्या तक्त्यात मागवल्या होत्या: (१) व्यक्तीचं किंवा संस्थेचं नाव-पत्ता, (२) बदल हवा तो नियम किंवा पोटनियम, (३) त्याऐवजी सुचवलेला नियम आणि कारणं. मसुद्यात नमुना दिलेला नसला तरी मी हाच तक्ता वापरतो. मंत्रालयात आलेल्या सगळ्या हरकती नियमवार लावून एकच मोठा तक्ता तयार करायचा असतो. तुमचं पत्र तक्त्यातच असेल तर ते जसंच्या तसं त्यात जातं. चार पानी निबंध असेल तर त्याचा सारांश कोणीतरी काढतो, आणि तो तुम्हाला हवा तसा निघेलच असं नाही.

पुढचा नियम मी समजावण्यासाठी रचला आहे, कुठल्या मसुद्यातला नाही. समजा नियम ७ चा पोटनियम (२) असा आहे: "ज्या अपघातामुळे कामगार ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ काम करू शकणार नाही, त्या अपघाताची सूचना व्यवस्थापक अपघात घडल्यापासून १२ तासांच्या आत विहित नमुन्यात सादर करील."

नेहमीचं पत्र असं जातं: "१२ तासांची अट लघुउद्योगांस अत्यंत जाचक व अन्यायकारक असून ती रद्द करण्यात यावी, ही नम्र विनंती." यात नियमाचा क्रमांक नाही, पर्याय नाही, कारण नाही. शिवाय "रद्द करा" म्हटलं तर सूचनेला मुदतच उरणार नाही, हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलेलं नाही.

हीच गोष्ट अशी लिहा:

रकाना २: नियम ७, पोटनियम (२), "अपघात घडल्यापासून १२ तासांच्या आत" हे शब्द.

रकाना ३: त्याऐवजी "उक्त ४८ तासांचा कालावधी पूर्ण झाल्यापासून २४ तासांच्या आत" हे शब्द दाखल करावेत.

कारणे: (अ) कामगार ४८ तास कामावर येऊ शकत नाही, हे ४८ तास उलटल्यावरच कळतं. १२ तासांत ते ठरवणं व्यवस्थापकाला शक्य नाही, त्यामुळे पोटनियम आहे तसा पाळता येत नाही. (आ) आमच्याकडे रात्रपाळीत अकराच्या सुमारास बोटाला टाके पडलेला कामगार "उद्या येतो" म्हणून घरी गेला. तो तिसऱ्या दिवशीही आला नाही तेव्हा ही घटना सूचना देण्याजोगी ठरली. (इ) मृत्यूच्या घटनेत तात्काळ सूचना देण्याची पोटनियम (१) मधली तरतूद आहे तशीच राहावी. तिच्यात बदल सुचवलेला नाही.

पर्यायी सूचना: वरील बदल मान्य नसल्यास १२ तासांत फक्त प्राथमिक सूचना (वेळ, जागा, जखमीचं नाव) आणि पूर्ण नमुना नंतर, अशी विभागणी करावी.

यातलं (इ) पाहा. आपण काय मागत नाही, हे लिहिल्याने वाचणाऱ्याच्या मनातला संशय जातो. मालकाची हरकत म्हटली की "पळवाट शोधतोय" हाच पहिला विचार येतो, आणि तो दर वेळी चुकीचा असतो असं मीही म्हणणार नाही. पर्यायी सूचनेचा फायदा असा की खात्याला पूर्ण नकार द्यायचा नसेल तर मधली वाट तुम्हीच दाखवलेली असते.

आणखी तीन गोष्टी.

पटलेल्या नियमाबद्दलही लिहा. "नियम अमुक मसुद्याप्रमाणे कायम ठेवावा", आणि खाली कारण. हे कोणी करत नाही. मग चांगल्या तरतुदीविरुद्ध दहा पत्रं येतात, बाजूने एकही नाही, आणि अंतिम नियमांत ती तरतूद गायब. कामगारांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी हे खास लक्षात ठेवावं. जुन्या कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत लावाव्या लागत. चाकणसारख्या ठिकाणी निम्मी पाळी हिंदी किंवा ओडिया बोलणारी असेल तर नव्या मसुद्यात ही भाषेची अट कुठे आणि कशी आली आहे ते शोधा. आली असेल तर "कायम ठेवा" म्हणा, नसेल तर शब्द सुचवा.

दुसरं, मराठी आणि इंग्रजी मसुदे समोरासमोर ठेवून वाचा. "आणि" की "किंवा", "करील" की "करू शकेल", "दिवस" की "कामाचे दिवस". या तीन जोड्यांत फरक सापडला तर तो स्वतंत्र मुद्दा म्हणून द्या. भाषेची चूक दाखवली की ती बहुधा निमूटपणे सुधारली जाते.

तिसरं, विशेषणं काढा. जाचक, अन्यायकारक, काळा कायदा, इन्स्पेक्टर राज. पत्र लिहून झाल्यावर हे शब्द शोधून खोडा आणि वाचा. कारण तरीही उभं राहत असेल तर ठीक. राहत नसेल तर कारण नव्हतंच, नुसता राग होता.

टप्पा ६: कोणाच्या नावाने पाठवायचं

हरकत कोणीही पाठवू शकतो: मालक, संघटना, युनियन, कंत्राटी कामगार, सुरक्षा अधिकारी, साधा नागरिक. लेटरहेड लागतंच असं नाही. नाव-पत्ता मात्र लागतो. निनावी पत्राचा भरवसा धरू नका.

नोकरीत असलेल्या कामगाराला स्वतःच्या नावाने लिहिणं धोक्याचं वाटत असेल तर युनियनमार्फत किंवा एखाद्या संस्थेमार्फत पाठवावं. त्यातल्या उदाहरणात कारखान्याचं नाव, तारीख, जखमीचं नाव घालू नये, कारण हे पत्र पुढे माहितीच्या अधिकारात कुणाच्याही हाती पडू शकतं.

सावधान: चाळीस कारखान्यांनी एकाच मजकुराच्या झेरॉक्स पाठवल्या तर त्या चाळीस हरकती ठरत नाहीत. वाचणारा त्यांचा एकच मुद्दा करतो आणि पुढे कंसात "४० पत्रे" लिहितो. संघटनेने एक पक्कं पत्र पाठवावं आणि प्रत्येक सभासदाने त्याच तक्त्यात स्वतःच्या कारखान्याचं एक उदाहरण घालून वेगळं. मजकूर तोच, पुरावा वेगळा.

टप्पा ७: पाठवणं आणि पोच

ईमेल आणि कागद, दोन्ही मार्गांनी पाठवा. ईमेलच्या विषयात अधिसूचना क्रमांक, तारीख आणि "मसुदा नियमांवरील हरकती व सूचना" एवढंच. जोडपत्र दोन प्रकारांत द्या: सही केलेली पीडीएफ आणि कॉपी करता येईल अशी वर्ड फाईल. तिकडे तक्ता करणाऱ्याला तुमचे शब्द पुन्हा टाइप करावे लागले नाहीत, तर ते चुकणारही नाहीत. मोबाईलवर फोटो काढून पाठवलेलं वाकडं पान सर्वात वाईट.

कागद प्रत्यक्ष देणार असाल तर दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. शिक्क्यावरची तारीख तिथेच उभं राहून वाचा. एकदा माझ्या प्रतीवर आदल्या महिन्याचा शिक्का पडला होता, मुदत सुरू होण्याच्याही आधीचा. स्पीड पोस्टने पाठवलं तर पावती आणि पोहोचल्याची नोंद, दोन्हींची प्रिंट काढून ठेवा. ती नोंद पुढे संकेतस्थळावर सापडेलच असं नाही.

भाषेचं म्हणाल तर राज्याच्या मसुद्यावर बिनदिक्कत मराठीत लिहा. केंद्राला मराठीतून गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे. पण सुचवलेल्या नियमाचे शब्द तरी हिंदीत किंवा इंग्रजीत जोडा, कारण अंतिम नियम त्याच भाषांत निघणार आहेत. तुमच्या शब्दांचं भाषांतर दुसऱ्याने करण्यापेक्षा तुम्ही केलेलं बरं.

तपासा: आवक क्रमांक किंवा ईमेलची पोच, पाठवलेल्या मजकुराची हुबेहूब प्रत, मूळ राजपत्र. तिन्ही एकाच फाईलमध्ये.

टप्पा ८: पाठवल्यानंतर

तोपर्यंत काय पाळायचं, हा प्रश्न उरतोच. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. नवे नियम अंतिम होत नाहीत तोवर जुने नियम संहितेशी विसंगत नसतील तेवढ्यापुरते चालू राहतात. म्हणून मसुद्यातला नवा नमुना आवडला म्हणून जुनी नोंदवही बंद करू नका. काहींनी केली, आणि निरीक्षण आलं तेव्हा त्यांच्याकडे दोन्हींपैकी एकही पूर्ण नव्हती.

अंतिम नियम राजपत्रात आले की तुमचे पाच-सहा नियम मसुद्यासमोर ठेवून शब्दशः ताडून पाहा. बदल झाला असेल तर नोंदवहीचा नमुना त्याप्रमाणे छापून घ्या. झाला नसेल आणि कारण जाणून घ्यायचं असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून रामायण लिहू नका. दोनच गोष्टी मागा: अमुक अधिसूचनेवर आलेल्या हरकती-सूचनांचा नियमवार तक्ता, आणि तमुक नियमाबाबत त्या तक्त्यातला विभागाचा अभिप्राय. सोबत तुमचा आवक क्रमांक द्या.

केंद्राच्या मसुद्यांबाबत आणखी एक आधार हाताशी ठेवा. कायदे-नियम करण्याआधीच्या सल्लामसलतीचं केंद्राचं धोरण फेब्रुवारी २०१४ मध्ये सर्व मंत्रालयांना कळवलं गेलं. त्यात मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा आणि आलेल्या अभिप्रायांचा सारांश संकेतस्थळावर टाकावा, असं आहे. सारांश दिसत नसेल तर अर्जात या धोरणाचा उल्लेख करा.

आणि फाईल टाकून देऊ नका. केंद्राचा ओएसएच नियमांचा पहिला मसुदा नोव्हेंबर २०२० मध्ये आला, आणि संहिता लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ च्या अखेरीस केंद्राने नव्याने मसुदे काढले. "आम्ही तर तेव्हाच हरकत पाठवली होती" असं मला किती तरी जणांनी ऐकवलं. जुन्या मसुद्यावरची हरकत नव्याला आपोआप लागत नाही, नियमांचे क्रमांकही बदललेले असू शकतात. मात्र ज्यांच्या कपाटात जुनी फाईल होती, त्यांना क्रमांक जुळवणं, शब्द तपासणं आणि एक ताजं उदाहरण घालणं एवढंच करायचं होतं. दोन संध्याकाळी पुरल्या. बाकीच्यांचा फोन मला चव्वेचाळिसाव्या दिवशी आला.